टर्नर हे आडनाव आहे की काम

लेथचक्रप्रवर्तक, पोलाद-कुंतल-कर्तन-धुरंधर, सूक्ष्ममापन-महामहोपाध्याय, धुळे-वरणगाव-उभयनगरी-वर्कशॉप-भूषण, केसाच्या अंशाइतक्या चुकीलाही अभय न देणारे, त्रिपुटी-टिफिनाधिपती, रविवासरीय-सायकल-तैलाभ्यंग-व्रतस्थ अशा तुमच्या चरणी हे पत्र ठेवावे असा शिष्टाचार आहे. परंतु चरणांपाशी काहीही ठेवलेले तुम्हाला खपत नसे. वाकलेल्या माणसाकडे तुम्ही वाकड्या निघालेल्या सळईकडे पाहावे तसे पाहत असा. म्हणून समोर स्टूल घेतो, पाठ ताठ करतो आणि लिहितो.

आबा,

तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला आहे की माझ्या चष्म्याचा नंबर तुमच्या शेवटच्या नंबराला ओलांडून पुढे गेला. लिहिण्याचे प्रयोजन एक शब्द आहे. तुमची नात मागे एका रविवारी धुळ्याहून जळगावला घरी आली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ती एका कारखान्याचा लेथ विभाग सांभाळते. तुम्ही जी चाके हाताने फिरवत होतात ती आता संगणक फिरवतो, आणि संगणकाला ती फिरवते. मी स्वयंपाकघरात भरिताची भाजलेली वांगी सोलत होतो. ती ओट्याला टेकून उभी राहिली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, मी आडनाव बदलतेय."

"लग्न ठरलं का?" मी विचारले. अशा प्रसंगी वडिलांना सुचणारा पहिला प्रश्न बहुधा निरुपयोगी असतो.

"नाही हो. टर्नर लावतेय. राजपत्रात रीतसर."

"कोणता टर्नर?"

"आपला. आजोबांचा."

वांग्याचे जळके साल बोटाला चिकटले होते, ते मी आवश्यकतेपेक्षा बराच अधिक काळ काढत राहिलो. मुलीला वाटले बाप भावविवश झाला. वस्तुतः बाप संशयग्रस्त झाला होता, आणि संशयाचा विषय ती आणि तुम्ही असे दोघेही होतात.

आपले आडनाव मी या पत्रात कोठेही लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि अन्य कोणाच्या हाती हा कागद पडलाच तर त्याने पहिल्या ओळीवर माझा निकाल लावून पुढचे वाचन आटोपते घेऊ नये, एवढीच इच्छा. आपल्या मुलखात आडनाव हे नाव नसते. मनात आधीच सुरू झालेल्या एका चौकशीचे ते उत्तर असते. मी महाविद्यालयात संस्कृत शिकवतो, हे ऐकताच माणसे प्रसन्न होतात. मग आडनाव ऐकतात, आणि म्हणतात, "वा, कौतुक आहे." प्रसन्नता आणि कौतुक यांच्या मधोमध एक अतिसूक्ष्म विराम असतो. व्याकरणात त्याला संज्ञा नाही. मी मात्र त्या विरामाचा तज्ज्ञ आहे. तुमचा मायक्रोमीटर मला वारशाने मिळाला असेल तर तो या एकाच मापासाठी वापरला गेला.

टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर, हा शब्द माझ्या आयुष्यात आडनावाच्याही आधी आला. धुळ्याची ती खोली आठवते. खाली घरमालकांचे बिऱ्हाड, वर आपण, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध येऊ नये अशा बेताने बाहेरून काढलेला लोखंडी जिना. मी वरच्या पायरीवर बसलो आहे. खाली कोणी पाहुणा विचारतो, वर कोण राहते. मालकांची सून अंगणातून उत्तर देते, "टर्नर ऱ्हातस." एवढ्यावर पाहुण्याचे समाधान होते. गल्लीत तुम्ही टर्नर होतात, किराणा दुकानात टर्नर होतात, पिठाच्या गिरणीत आपला डबा टर्नरचा डबा होता. डॉक्टर, वकील, मामलेदार यांसारखी ही काही पदवी असावी असा माझा दृढ समज होता, आणि आपण त्या गल्लीतले एकमेव टर्नर घराणे असल्याचा मला यथायोग्य गर्व होता. तुम्ही मला पितळेचा भोवरा करून दिलात, लेथवर उतरवलेला, आरशासारखा. गल्लीतल्या मुलांचे लाकडी भोवरे आजारी माणसासारखे डगमगत आणि माझा एका जागी उभा राहून गुणगुणत असे. तेव्हा वाटे, टर्नर म्हणजे ज्याच्या हातून काही डगमगत नाही तो.

गर्वाचे संशयात रूपांतर झाले ते जळगावात. नोकरी नवी होती आणि मी भाड्याची खोली शोधत हिंडत होतो. दारे उघडत, आडनाव विचारले जाई, मी ते सांगे, आणि कळे की खोली नुकतीच, अगदी आत्ताच, कोणा मेहुण्याला देऊन झाली आहे. त्या काळात शहरात भाडेकरू मेहुण्यांची संख्या विलक्षण होती. अशाच एका दारातून परतताना माझ्या मनात पहिल्यांदा प्रश्न उभा राहिला की मग तुम्हाला धुळ्यात, त्या गल्लीत, माझ्यापेक्षा कितीतरी कठीण दिवसांत, खोली मिळाली कशी? आणि एकदा प्रश्न उभा राहिल्यावर पुरावे आपोआप रांगेत येऊन उभे राहिले. आपली पत्रे कधीही घरी येत नसत, वर्कशॉपच्या पत्त्यावर येत. चौदा एप्रिलला तुम्ही पांढरेशुभ्र कपडे घालून, सायकल जिन्यापासून हाताने ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेत असा आणि तेथून पुढे स्वार होत असा. आणि ते दटावणे. शाळेत नव्या मास्तरांनी माझे पूर्ण नाव विचारले, मी छाती काढून शेवटी टर्नर असे सांगितले, आणि वर्गाने मान डोलावली. संध्याकाळी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आई कळण्याच्या भाकरी थापत होती. मी ही विजयवार्ता दिली. तुम्ही ताटावरून मान वर केलीत. "ते माझं आहे," तुम्ही म्हणालात. "तुझं नाही. तुझं जे आहे तेच सांगायचं. उद्या जाऊन नीट सांगून ये." आईचा हात भाकरीवर थांबला होता. मी दुसऱ्या दिवशी नीट सांगून आलो, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर तो विराम प्रथमच पाहिला. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

तर माझा संशय असा होता, आणि आता तो तुमच्या तोंडावर ठेवतो, कारण तुम्हाला उलट उत्तर देता येणार नाही ही या पत्रातली माझी एकमेव सोय आहे. तुम्ही लपला होतात. टर्नर हा शब्द तुम्ही छत्रीसारखा उघडून त्याखाली उभे राहिलात. तुमच्या जागी मीही तेच केले असते की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु ज्या शब्दाखाली आजोबा लपले तो शब्द नातीने कपाळावर किताब म्हणून बांधावा, हे मला पाहवणार नव्हते. आणि ती स्वतः लपत असेल, तर ते त्याहून पाहवणार नव्हते.

मी तिला सरळ विचारले. "कारखान्यात कोणी काही बोललं का?"

तिने ग्लास ओट्यावर ठेवला. "म्हणजे मी लपतेय, असं म्हणायचंय तुम्हाला."

"मी फक्त विचारतोय."

"बाबा, लपायचंच असतं तर मी पाटील झाले असते. अख्ख्या खान्देशात कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. टर्नर लावून कोण लपतं? त्यावर तर जास्त विचारतील."

हा युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून मी तो मान्य केला नाही. मग तिने खरे कारण सांगितले. त्यांच्या कारखान्याचा एक गिऱ्हाईक इंग्लंडात आहे. पडद्यावर समोरासमोर बोलणे होते. या गृहस्थांचे आडनाव टर्नर. तिने एकदा सहज विचारले की तुमच्या घरी कोणी लेथवर होते का. गृहस्थ चकित झाले. आपल्या आडनावाला काही अर्थ आहे, हे त्यांना ऐकून माहीत होते, पण त्याची आठवण ठेवण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. त्यांच्याकडे हे आडनाव गल्लोगल्ली आहे, शिक्षक टर्नर, खाटीक टर्नर, बँकेतला टर्नर, आणि यांपैकी कोणालाही कोणी विचारत नाही की तुमचे लेथ कोठे आहे. ते म्हणाले, फार पूर्वी कोणीतरी असेल लाकूड कातणारा, मला त्याचे नावही ठाऊक नाही. "मी म्हटलं, आमच्याकडेही एक होता," तुमची नात सांगत होती. "फरक एवढाच की आमचा मला आठवतो. शेडमध्ये सगळे मला टर्नर मॅडमच म्हणतात, बाबा. ते नाव मी काम करून मिळवलंय. आपलं आडनाव मिळवावं लागलं नाही. ते तर माझ्याआधीच आत येऊन बसलेलं असतं."

मी तिला प्राध्यापकी थाटात ऐकवले की इंग्रजांचे कौतुक करण्याचे कारण नाही, आपल्याकडेही सुतार आहेत, लोहार आहेत, सोनार आहेत, लाकूड कातणारे कातारीही आहेत. ती म्हणाली, "हो, पण आपला सुतार बँकेत गेला तरी सुतारच राहतो." मी भरितात शेंगदाणे घातले.

मग माझ्या विद्येचा मी काही काळ आसरा घेतला. संस्कृतात गरगर फिरणाऱ्या चाकाला भ्रम म्हणतात आणि गैरसमजालाही भ्रमच म्हणतात, हे तुम्हाला सांगायचे राहून गेले. तुम्ही आयुष्यभर एका भ्रमावर उभे राहून अचूक मापे काढलीत. पालीत तुमच्या व्यवसायाला भमकार असा शब्द आहे. श्वासाकडे लक्ष कसे ठेवावे हे सांगताना बुद्धवचनात भमकाराचीच उपमा येते, की चाकाचा लांब फेरा घेताना त्याला कळत असते आपण लांब घेत आहोत आणि आखूड घेताना आखूड. विहारात बसून डोळे मिटलेले तुम्ही मला कधी दिसला नाहीत. परंतु लेथसमोर तुमचा श्वास ज्या पद्धतीने थांबे आणि सुटे, ते मी पाहिले आहे. तरीही उपमेने संशय फिटत नाही. एवढ्यासाठी मी धुळ्याला गेलो.

घरमालकांची ती सून, अक्का, अजून आहे. घराच्या जागी मजल्यांवर मजले चढले आहेत, खाली मोबाइलचे दुकान आहे, लोखंडी जिना गेला. अक्का तळमजल्याच्या मागच्या खोलीत पलंगावर बसून असतात. कान शाबूत, डोळे अधू. मी दारात उभा राहिलो आणि नाव सांगायला तोंड उघडले, तोच त्या म्हणाल्या, "कोन, टर्नरना पोऱ्या ना? आवाज बापनाच शे. बस भाऊ, चहा लेशी ना?"

चहा आला. माझा कप आणि त्यांचा कप एकाच संचातले आहेत की नाहीत, हे मी पाहून घेतले. एकाच संचातले होते. मग हा संच खास माझ्यासाठी बाहेर काढला असेल, असा संशय घेतला. अक्का चहा बशीत ओतून पीत होत्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "कप देखू नको. आते तसं काही नही ऱ्हायनं. बोल, कसाले उना?"

मी विचारले. माझ्या वडिलांनी खोली मागताना स्वतःचे नाव काय सांगितले, आणि तुम्हाला काय कळले होते.

"मीच व्हतू दारमा," अक्का म्हणाल्या. "तुना बापले मी इचारं, आडनाव काय? तो म्हने, टर्नर. मी म्हनं, ते काम शे, आडनाव सांग. तो म्हने, तेच. माले तव्हयच समजी गयं."

"काय समजलं?"

"जो सांगत नही त्याचं काय ऱ्हास, ते समजी गयं. लहान पोऱ्या शे का तू?"

"मग सासऱ्यांना काय सांगितलंत?"

"काय सांगू? टर्नर शे, म्हनं. साहेब लोकस्मा ऱ्हास हाई आडनाव. सासरा म्हने, किरिस्ताव शे का? मी बोलनूच नही." त्यांनी बशी खाली ठेवली. "तो खोटं बोलना नही, मी खरं बोलनू नही. बठ्ठं जमी गयं."

आबा, त्या क्षणी माझ्या बालपणातले एक मोठे गूढ धाडकन उकलले. दर वर्षी डिसेंबरच्या शेवटी खालून आपल्याकडे एक झाकलेले ताट येत असे. शेव, करंज्या, कधी बेसनाचे लाडू. दिवाळी होऊन गेलेली, संक्रांत यायची, मध्येच हे ताट. आई विचारी, आज काय आहे, आणि तुम्ही म्हणत असा, "काही नाही. खा." तुम्हाला ठाऊक होते. घरमालक आपल्याला नाताळच्या शुभेच्छा पाठवत होते, आणि तुम्ही त्या चावून खात होतात. ताट रिकामे परत जाऊ नये म्हणून तुम्ही त्यात केळी घालून देत असा. शिजवलेले अन्न खाली खपले नसते हे जाणून फळ दिलेत, की केळी स्वस्त होती म्हणून, हा माझा एक उपसंशय आहे. अक्का सांगत होत्या की चौदा एप्रिलला तुम्ही पांढऱ्या कपड्यांत निघालात की सासरे खुर्चीतून म्हणत, यांचा ईस्टर आला वाटते. मला हसू आले. अक्काही हसल्या. मग मला वाटले की आपण नेमके कशाला हसत आहोत ते एकदा तपासून पाहावे, आणि मी थांबलो.

"म्हणजे ते लपलेच," मी म्हणालो.

"लपना व्हता, मंग कसाले सांगं त्यानी?"

"कोणाला सांगितलं?"

"सासराले. तुम्ही जायेल ना वरनगावले, त्या दिनले. सकायमा खाले उना, सासराना समोर खुर्चीवर बठना, आनि आडनाव सांगं. पुरं. गावनं नावबी सांगं."

मी म्हटले, जाताना सांगणे सोपे असते. ज्याला कायमचे निघायचे आहे त्याला खरे बोलायला काय लागते. मला वाटते या वाक्यात माझी सारी वर्षे जमा झालेली होती. अक्कांनी अधू डोळे माझ्याकडे वळवले.

"सोपं? टरक कोठे उना व्हता तव्हय? टरक सांजले उना. बठ्ठा सामान वर व्हता."

आबा, तो दिवस माझ्या आठवणीत एक सहल म्हणून राहिला आहे. वरणगावच्या कारखान्यात तुमची नेमणूक झाली होती आणि आपण सामान घेऊन गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला बसलो होतो. मी पत्र्याच्या पेटीवर. आई गादीच्या वळकटीवर. तुम्ही उभे. ऊन चढले तशी आपण लिंबाच्या सावलीबरोबर पेट्या सरकवत राहिलो, आणि मला हा खेळ अतिशय आवडला होता. दुपारी तुम्ही केळी आणलीत. मी पेटीवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करत होतो. इतकी वर्षे माझा समज असा की ट्रक उशिरा आला म्हणून आपण रस्त्यावर बसलो. ट्रक त्याच्या वेळेलाच आला होता. आपण वेळेच्या आधी रस्त्यावर आलो होतो.

"खोली मी धुई," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज वर गेला नाही, खालीही गेला नाही. "सासरा अंगनमा खुर्ची टाकीसन बठना व्हता. तुम्हना सामान निंघना, आनि मी पानी वतं. तुनी माय देखी ऱ्हायनी व्हती. धुवाले पाहिजे व्हती का नही, ते माले इचारू नको."

मी विचारले नाही. मी विचारले की तेव्हा आबा कोठे होते.

"जिनावर. शेवटनी पेटी लेवाले उना व्हता. मी पानी झाडूनी लोटी ऱ्हायनू व्हतू. तो देखत उभा ऱ्हायना. मंग म्हने, अक्का, त्या कोपरामा पानी ऱ्हायनं." त्यांनी बशी पलंगाखाली सरकवली. "हासना का काय, माले समजनं नही. आजूनबी नही समजनं."

मलाही समजलेले नाही. परतीच्या बसमध्ये पारोळा गेले, एरंडोल गेले, आणि मी त्याच एका वाक्याभोवती फिरत राहिलो. तुम्ही चुकलेले माप दाखवले होतेत, की टोमणा मारला होतात, की खरोखरच फरशी नीट पुसली जावी अशी तुमची कारागिराची तळमळ होती? तिन्ही शक्य आहे. तुम्ही सकाळीच का सांगितलेत? ट्रक दाराशी लागल्यावर, सामान चढल्यावर, चालकाशेजारी बसून काचेतून सांगता आले असते. मी तसेच केले असते. त्याऐवजी आईला आणि मला रस्त्यावर बसवण्याची किंमत मोजून तुम्ही ते नाव त्या खुर्चीसमोर ठेवलेत. आईला विचारले होते का? मला या प्रकरणात तुमचा अभिमान वाटतो आणि आईच्या वतीने रागही येतो, आणि दोन्हींना एकाच कपाटात जागा देणे मला अजून जमलेले नाही. त्या शाळेच्या दटावण्याचा अर्थ मात्र लागला असे वाटते. शब्द तुम्ही स्वतःपुरता वापरलात, मला मात्र त्याखाली उभे राहू दिले नाहीत. असे वाटते, म्हणतो; खात्री नाही.

पुढच्या रविवारी मी हे सर्व तुमच्या नातीला सांगितले. माझी अपेक्षा अशी की ताट, ईस्टर आणि धुतलेली खोली ऐकल्यावर ती टर्नर या शब्दाला हात लावणार नाही. ती जेवणाच्या टेबलावर दोन्ही कोपरे टेकून ऐकत राहिली. कोपऱ्यातल्या पाण्यापाशी तिने डोळे पुसले, आणि मग ती एवढी हसली की तिची आई आतून विचारायला आली.

"मग आता?" मी विचारले.

"आता दोन्ही लावते," ती म्हणाली. "आधी आपलं, मग टर्नर. आजोबांनी जाताना सांगितलं, मी दारातच सांगते. ज्याला फरशी धुवायची असेल त्याने मी आत यायच्या आधीच धुऊन घ्यावी."

"लोकांना वाटेल लग्न झालंय. इंग्रजाशी."

"वाटू दे. ताट पाठवतील."

माझ्याकडे आक्षेप उरला नव्हता. तरी शिस्त म्हणून मी एक घेतला, की एवढे लांब नाव कोणत्याही रकान्यात मावणार नाही. ती म्हणाली, रकाने मोठे करता येतात. तिने आपल्या घरासाठी पाटीही करून आणली, पितळेची, तिच्याच विभागात उतरवलेली. वर माझे आणि तुमच्या सुनेचे नाव, आपल्या नेहमीच्या आडनावासह. खाली तिचे नाव, तेच आडनाव, आणि त्यापुढे टर्नर. पाटी फाटकाच्या खांबावर बसवली. अक्षरे अशी स्वच्छ उतरली आहेत की तुम्हीही त्यांत काही खोड काढू शकला नसता, आणि काढलीच असती तर मी तुमच्याशी वाद घातला असता.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. पत्ता नाही, ही अडचण गौण आहे. पाकिटावर तुमचे कोणते नाव लिहावे याचा निर्णय होत नाही, ही मुख्य. एक गोष्ट तेवढी कबूल करतो आणि पुरे करतो. पाटी लागल्यानंतर थोड्याच दिवसांनी एक गृहस्थ फाटकाशी मोटारसायकल लावून उभे राहिले. फैजपूरकडचे, केळीवाले. मागच्या सीटवर दोरीने बांधलेला, गोणपाटात गुंडाळलेला पाण्याच्या मोटरचा लांबलचक, जड शाफ्ट. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "टर्नर साहेब तुम्हीच का? मोटरचा शाफ्ट घासला हाये, बुश ढिला झाला. केळीचं पाणी बंद हाये, मले लवकर पाहिजे." आयुष्यात प्रथमच कोणी आमच्या दारावरचे आडनाव पाहून थबकले नाही. त्यांना कामाचा तेवढा एकच शब्द दिसला होता. मी त्यांचा चेहरा बारकाईने तपासला. तो विराम कोठेही नव्हता, किंवा असल्यास गृहस्थ घाईत होते. मी संस्कृतचा प्राध्यापक आहे, मला लेथ सुरू कसे करतात तेही ठाऊक नाही, हे सांगण्यास पुरेसा अवकाश होता. मी म्हणालो, "हो, मीच."

त्यांनी शाफ्ट पोर्चमध्ये आडवा ठेवला, "येतो मी न्याले, पन लवकर करा," असे काहीसे बोलले आणि गेले. ते अद्याप आलेले नाहीत आणि मी त्यांचा फोन नंबर घेतलेला नाही. तुमची नात म्हणते, हा शाफ्ट आमच्या यंत्रावर बसणार नाही, बाहेर कोठे तरी द्या. कोठे, ते ती सांगत नाही. तो मला एकट्याला उचलत नाही. त्याच्या गंजाचा डाग फरशीवर पडला आहे, तो साबणाने निघत नाही, आणि शाफ्टच्या टोकामुळे फाटक अर्धेच उघडते, त्यामुळे स्कूटर रोज बाहेर रस्त्यावर उभी करावी लागते.